सेन्सर सांगेल, पण कूस कोण बदलेल?

गेल्या अंकात लकवा झालेल्या माणसाची घरी घ्यायची काळजी यावर आम्ही लिहिले होते. ते वाचून एका भगिनीचे पत्र आले. सासूबाई सात महिन्यांपासून अंथरुणाला खिळल्या आहेत. माकडहाडापाशी कातडी काळीनिळी पडून आता रुपयाएवढी सोलली गेली आहे. नात्यातल्या एकाने मोबाईलवर दाखवले, की परदेशात आता रुग्णाच्या अंगाखाली सेन्सरची चादर घालतात. रुग्ण एकाच कुशीवर जास्त वेळ राहिला की ती फोनवर कळवते, मग बेडसोर होत नाही. भगिनीचा प्रश्न सरळ आहे : "बचत गटातून पंचवीस हजार उचलून ही चादर मागवू का?"

आमचे उत्तर : नको. कर्ज काढून तर मुळीच नको. पण हे उत्तर ऐकून 'असली यंत्रे आपल्यासाठी नसतातच' असे कुणी म्हणणार असेल तर तेही आम्हाला मान्य नाही. वस्तीत टीव्ही आला, फ्रीज आला, घरटी दोन मोबाईल आले. आजारी माणसाच्या उपयोगाची वस्तूच तेवढी नेहमी शेवटी का यावी? म्हणून हे उत्तर पत्राने पाठवून न थांबता इथे सविस्तर देत आहोत.

आधी ही जखम होते कशी ते पाहू. नळाच्या रबरी पाइपवर पाय ठेवला की पुढे पाणी जात नाही. माणूस उताणा पडून राहिला की माकडहाड आणि गादी यांच्या मध्ये मांस तसेच चेपले जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोहोचत नाही. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा रात्रभर चुळबुळ करतो, कारण शरीर आतून टोचणी देत असते. लकवा झालेला, मणक्याला मार बसलेला, गुंगीत असलेला किंवा फार अशक्त झालेला माणूस एक तर ती टोचणी जाणत नाही, नाही तर जाणूनही हलू शकत नाही. काही तासांत आतले मांस मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, एका कुशीवर झोपणाऱ्याचा कान : जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे हा धोका. लघवीने ओली राहिलेली चादर, घाम, खाली घसरलेल्या माणसाला वर ओढताना बसणारे घासणे, आणि पोटात अन्न कमी जाणे, या गोष्टी त्यात भर घालतात.

हापूस घेणाऱ्यांना साका ठाऊक असतो. आंबा वरून पिवळाधमक आणि कापला की कोयीपाशी खराब. बेडसोर पुष्कळदा तसाच हाडापाशी सुरू होतो. वर छोटे काळे वर्तुळ दिसते आणि आत मूठ जाईल एवढी पोकळी निघते. त्या वाटेने जंतू रक्तात गेले की माणूस दगावतो. ही फक्त गरिबाघरची गोष्ट आहे असेही नाही. 'सुपरमॅन'चे काम करणारा अमेरिकन नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला होता. पैसा, परिचारिका, डॉक्टर, सगळे हाताशी होते. २००४ साली तो वारला तेव्हा अशाच दाबाच्या जखमेतून झालेल्या संसर्गावर त्याचे उपचार चालू होते. आपल्याकडे तर बांधकामावरून पडलेली पंचविशीतली पोरे आहेत, मणक्याचा टीबी झालेले आहेत, लकव्याची म्हातारी माणसे आहेत. दवाखाना त्यांना एक दिवस 'आता घरी न्या' म्हणतो आणि कागद हातात देतो.

त्या कागदाबद्दल थोडे सांगायला हवे. आमच्या माहितीतल्या एका घरात म्हातारबुवांना दवाखान्यातून आणले, तेव्हा कागदावर पाठ चांगली असल्याचे लिहिले होते. चौथ्या दिवशी अंघोळ घालताना कातडी हातात आली. आम्ही गेलो तेव्हा सून रडत म्हणाली, "दादा, मी रोज बघत होते हो. पण त्यांची पाठ मुळातच काळी. काळ्यावर काळं काय दिसणार?"

या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पुस्तके उघडली तेव्हा कळले, की चूक तिची नव्हती. बेडसोरची पहिली खूण म्हणून सगळीकडे 'लाली' लिहिलेली असते. बोटाने दाबले तरी पांढरी न पडणारी लाली. ही खूण गोऱ्या कातडीवर पाहून लिहिलेली आहे. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या कातडीवर ना लाली नीट दिसते, ना पांढरे पडणे. म्हणून पहिली पायरी हातची निघून जाते आणि जखम उघडी पडल्यावरच कळते. आपल्या माणसाची पाठ पाहायची तर डोळ्याबरोबर हात लागतो. उजेडात, रोज दोनदा पाहायचे. हाडावरची जागा भोवतालच्या कातडीपेक्षा अधिक काळी, जांभळट किंवा चकचकीत झाली आहे का? तळहाताची मागची बाजू लावून ती जागा शेजारपेक्षा गरम किंवा गार लागते का? बोटाला टणक किंवा पिचपिचीत लागते का? बोलता येत असेल तर तिथेच दुखते असे रुग्ण म्हणतो का? यातले काहीही असेल तर लाली नसली तरी जखम सुरू झाली असे धरायचे आणि त्या जागेवरचा भार त्याच दिवसापासून पूर्ण काढायचा.

सेन्सरची गोष्ट आम्हाला खरी महत्त्वाची वाटते ती इथे. हातात धरायचे एक छोटे यंत्र निघाले आहे. ते कातडीवर टेकवले की कातडीखालच्या मांसात साचणारे पाणी विजेच्या साहाय्याने मोजते. मांस दुखावले की तिथे सूज धरते, पाणी वाढते, आणि ते डोळ्याला काही दिसण्याच्या काही दिवस आधी यंत्राला कळू शकते. कातडीचा रंग कोणता याच्याशी त्याला देणेघेणे नाही. अमेरिकेत २०१८ साली त्याला परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये अशा वस्तूंची छाननी करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २०२० साली मात्र सांगितले, की यंत्र आशादायक आहे, पण त्याने जखमा खरोखर कमी होतात हे ठरवायला अजून पुरावा हवा. आम्हीही तेवढेच म्हणतो. आशा आहे, खात्री नाही.

सगळेच सेन्सर कातडीचा रंग विसरतात असे मात्र समजू नये. कोविडच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपल्या घरोघरी फिरले. ते उजेडाचा किरण कातडीतून पाठवून ऑक्सिजन मोजते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात दाखवून दिले, की काळ्या रुग्णांच्या बाबतीत रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असूनही यंत्र 'ठीक' दाखवते, असे गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडते. यंत्राला जात नसते, रंग नसतो, असे लोक म्हणतात. यंत्राला नसेल, पण ते कुणाच्या अंगावर तपासून बनवले हा प्रश्न उरतोच. उद्या बेडसोरसाठी कॅमेऱ्याने किंवा उजेडाने पाठ पाहणारे यंत्र विकायला आले, तर आपला पहिला प्रश्न हाच असला पाहिजे : आमच्या रंगाच्या किती माणसांवर तपासले?

भगिनीने विचारलेली चादर निराळी. तिच्यात दाब ओळखणाऱ्या पट्ट्या असतात. कुठे किती भार पडतो आहे आणि किती वेळ, ते ती मोजते. तिसरा प्रकार छातीला चिकटवायच्या बटणासारख्या सेन्सरचा. माणूस उताणा आहे, डाव्या कुशीवर आहे की उजव्या, ते त्याला कळते. या तिसऱ्या प्रकाराची चांगली परीक्षा अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अतिदक्षता विभागांत झाली. २०१८ साली ती छापून आली. तेराशेवर रुग्ण होते. सेन्सर सगळ्यांनाच लावला होता, पण अर्ध्या रुग्णांच्या बाबतीतच 'याची कूस बदलायची वेळ झाली' हे नर्सना पडद्यावर दिसत होते. ज्यांचे दिसत होते त्यांच्यात ५ जणांना जखमा झाल्या, ज्यांचे दिसत नव्हते त्यांच्यात १५ जणांना. फरक मोठा आहे. उलट स्वीडनमध्ये उप्साला इथल्या रुग्णालयात दाब दाखवणारी चादर आणि पडदा लावून पाहिले, तेव्हा जखमांच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही.

दोन्ही ठिकाणी रात्रपाळीची नर्स होती हे विसरू नका. पडदा पाहून उठणारे दोन हात होते, आणि त्या हातांना महिन्याचा पगार होता.

आता आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. आमच्याच वस्तीतला पॉलिटेक्निकला शिकणारा एक मुलगा. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता, तर त्याने गाडी-रोबोट न करता बेडसोरचा सेन्सर करायला घेतला. दाबाच्या चार पातळ पट्ट्या, एक छोटे सर्किट आणि पीप-पीप करणारा बझर. सोळाशे रुपये खर्च आला. पोराने खाऊच्या पैशातून केला, त्याचे कौतुक वाटले. शेजारच्या गल्लीत महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका दोन वर्षांपासून लुळे पडून आहेत. त्यांच्या कॉटवर चादरीखाली पट्ट्या घातल्या. दोन तास भार हलला नाही की बझर वाजणार.

पहिल्या रात्री बझर चार वेळा वाजला. खोली दहा बाय बाराची. त्यातच बारावीची परीक्षा देणारी नात झोपलेली, पलीकडे पत्र्याच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे तान्हे मूल. दुसऱ्या रात्री शेजारी भांडायला आले. तिसऱ्या रात्री काकूंनी बॅटरी काढून कपाटावर ठेवून दिली. सकाळी मुलगा विचारायला आला तर म्हणाल्या, "बाळा, तुझं यंत्र मला सांगतंय, यांची कूस बदल. ते मला ठाऊकच आहे रे. माझ्याबरोबर उचलायला कोण येणार, ते सांगतंय का?"

अठ्ठावन्न वर्षांची बाई, स्वतःचे गुडघे गेलेले. काकांचे वजन तिच्यापेक्षा वीस किलोने जास्त. मुलगा सिक्युरिटीला रात्रपाळीत. आम्ही सेन्सरवर कितीही लिहिले तरी काकूंच्या या एका वाक्यापुढे ते फिके आहे.

पट्ट्यांचेही हाल झालेच होते. कॉटवर सवयीने दोन घड्या घातलेली गोधडी होती, त्यामुळे भाराचा आकडा भलताच येत होता. एका पट्टीत लघवी जाऊन ती बंद पडली. पण मुलगा खट्टू झाला नाही. उरलेल्या पट्ट्यांतल्या तीन रात्रींच्या नोंदी त्याने कागदावर काढल्या, तेव्हा एक नवीनच गोष्ट निघाली. पहाटे चारच्या सुमाराला काका स्वतःच थोडे डावीकडे कलंडत होते. माकडहाडाखालच्या पट्टीवरचा भार त्या वेळी आपोआप उतरत होता. चांगल्या हाताने कॉटची कड धरून ते ते करत असावेत, काकूंनाही ठाऊक नव्हते. काकू रोज चारला गजर लावून उठत होत्या, आणि नेमकी तीच उठाठेव गरजेची नव्हती. खरा निश्चल वेळ होता अकरा ते चार. पुढे आठ दिवस सकाळी हात लावून पाठ तपासली, ती चांगली राहिली, तेव्हा काकूंचा चारचा गजर बंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती बाई चार ते सात सलग झोपू लागली.

सेन्सरकडे पाहायची आमची दृष्टी या प्रसंगाने बदलली. सांभाळणाऱ्या बाईला सारखे टोकत राहणारे यंत्र आम्हाला नको. तसे टोकणारे घरात पुष्कळ असतात. कुठली कूस गरजेची आहे आणि कुठली नाही हे सांगून तिची झोप वाचवणारे यंत्र मात्र हवे.

'दर दोन तासांनी कूस बदला' हा नियमही जरा उलगडून पाहायला हवा. लुडविग गुटमन हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे त्यांच्याकडे युद्धात मणका तुटलेले सैनिक येऊ लागले. तोवर असे सैनिक जखमा सडून आणि लघवीच्या संसर्गाने मरायचेच, असे डॉक्टर धरून चालत. गुटमननी दिवसरात्र दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला लावली आणि माणसे जगू लागली. पण कूस बदलणारी एक तुकडीच त्यांच्याकडे होती. तो नियम तसाच उचलून आपण दहा बाय बाराच्या खोलीत एका सुनेच्या गळ्यात घालतो आणि जखम झाली की तिलाच बोल लावतो. २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या वृद्धाश्रमांमध्ये ९४२ वृद्धांवर झालेली एक परीक्षा छापून आली. अंगाखाली चांगल्या घट्ट फोमची गादी असेल आणि आधीपासून जखम नसेल, तर कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली तरी जखमांत फरक पडला नाही. म्हणजे बरी गादी आणि रोज पाठ पाहणे एवढे असेल, तर नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारून रात्रीचे अंतर वाढवता येते. जखम आधीच असेल त्यांनी मात्र असे करू नये.

म्हणून आमच्या हिशेबात चादरीच्या आधी गादी येते. फुगे असलेली आणि पंपाने आलटून पालटून हवा भरणारी साधी गादी दोन-तीन हजारांपासून मिळते. पंपाला छोट्या बल्बाएवढीच वीज लागते. ती आणली तरी कूस बदलणे सुटत नाही. तिच्यावर तीन गोधड्या आणि मेणकापड घातले तर ती असून नसल्यासारखी. एक पातळ सुती चादर पुरे. लाइट गेली की गादी हळूहळू बसते, तेव्हा माकडहाडाच्या खाली गादी आणि कॉट यांच्यामध्ये तळहात घालून पाहायचा. हाड हाताला टेकले तर हवा अपुरी आहे. टाचांसाठी तर पैसाही लागत नाही. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवल्या की झाले. कुशीवर करताना पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी लावून थोडेसेच कलते ठेवावे, नाही तर खुब्यावर भार येतो. उशाकडची बाजू फार उंच केली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी घासते. जेवण झाले की थोड्या वेळाने ती उतरवावी.

काही सवयी सोडल्याच पाहिजेत. काळवंडलेल्या जागेवर चोळून मालीश करायची नाही, आतले दुखावलेले मांस त्याने आणखी फाटते. स्पिरिट, पावडरचे थर, हळद, राख, काही नको. मधे भोक असलेली रबरी रिंग तर अनेक घरांत मोठ्या विश्वासाने आणतात. तिच्या कडांवर दाब येऊन रक्त आणखी अडते. आणि खाणे! अंथरुणावरच्या माणसाला 'पचणार नाही' म्हणून पेज आणि बिस्किटावर ठेवतात. कातडी भरून यायला प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. अंडी, घट्ट वरण, सुकट, जे घरात आहे ते मऊ करून द्यावे. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता 'उचलायला कोण येणार' या काकूंच्या प्रश्नाकडे परत येतो. आजारी भिक्खूची गोष्ट आपल्या विहारांत पुष्कळदा सांगितली जाते. तो आपल्याच घाणीत पडलेला होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला उचलून मंचकावर ठेवले. ही गोष्ट आपण करुणेची म्हणून ऐकतो. पण तिच्यात हेही आहे, की उचलणारे दोघे होते आणि दोघेही पुरुष होते. आपल्या घरांत पुरुषमंडळी औषध आणून देतात, रिक्षा बोलावतात, डॉक्टरांशी बोलतात. अंगाखाली हात घालायची वेळ आली की मात्र सूनबाई. आडवी दुहेरी चादर रुग्णाच्या पाठीखाली कायम ठेवून, दोघांनी दोन कडा धरून, न ओढता उचलून सरकवणे हे काम पंधरा मिनिटांत शिकता येते. आमच्या वस्तीत दोन पोरांनी काकांची 'अकराची कूस' आपल्याकडे घेतली आहे. नाक्यावरून घरी जाताना येतात, दोन मिनिटांत काम करून जातात. काकूंना आता त्या वेळेला एकटीने उचलावे लागत नाही. सोळाशेच्या सेन्सरपेक्षा ही जोडी स्वस्त पडली, आणि लाइट गेली तरी चालते.

विहाराच्या किंवा महिला मंडळाच्या ताब्यात चार हवेच्या गाद्या, दोन बेडपॅन आणि एक पाठ टेकवायचा पाट असेल, तर गरज लागेल त्या घरी द्यावे, काम झाले की धुऊन परत घ्यावे. चार गाद्यांना दहा-बारा हजार. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे किती असते ते आम्ही इथे लिहीत नाही, वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण सगळे आपणच वर्गणीतून करायचे, हेही आम्हाला पटत नाही. कर आपणही भरतो. राज्यात २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू झाली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना त्यात साहाय्यक वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशी वस्तूंची नावे त्यात आहेत. यादी चालत्या-फिरत्या म्हाताऱ्याची आहे. जो अंथरुणावरून उठूच शकत नाही त्याच्या हवेच्या गादीचे नाव तिच्यात नाही. नेमक्या तेवढ्याच पैशांची ती वस्तू आहे. ते नाव घातले जावे अशी मागणी समाजकल्याण कार्यालयाकडे प्रत्येक वस्तीतून लेखी गेली पाहिजे.

सेन्सरचीही मागणी करावी, पण घरटी चादर अशी नव्हे. केरळने २००८ साली घरपोच शुश्रूषेचे धोरण केले. तिथे पंचायतीच्या मदतीने नर्स आणि स्वयंसेवक अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जातात. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या किंवा 'आपला दवाखाना'च्या नर्सताईंच्या पिशवीत कातडीखालचे पाणी मोजणारे एक यंत्र असले, तर एकाच यंत्रात वस्तीतल्या वीस-पंचवीस पाठी आठवड्याला तपासून होतील. घेण्याआधी ते आपल्या रंगाच्या माणसांवर इथेच तपासले पाहिजे. आणि घरात ठेवायचा सेन्सर कुणी बनवणार असेल, तर त्याला इंटरनेट लागता कामा नये, गोधडी चालली पाहिजे, लघवीने बिघडता कामा नये, आवाज करता कामा नये. वस्तीतली ही चार कलमे कुठल्याही कंपनीच्या इंजिनिअरला आपल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आम्ही कळवले आहे, की सासूबाईंची कातडी सुटलेली आहे तेव्हा वाट न पाहता याच आठवड्यात दवाखान्यात दाखवा. जखमेला वास, पू, भोवती सूज, काळी खपली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. त्या जागेवर आता जराही भार नको, उताणे ठेवूच नका. पंचवीस हजार उचलू नका. दवाखान्यातून निघताना 'कूस कशी बदलायची ते आमच्यासमोर एकदा करून दाखवा' असे नर्सताईंना म्हणा, आणि त्या वेळी मुलालाही बरोबर न्या.

पॉलिटेक्निकच्या मुलाने बझर काढून टाकला आहे. त्याऐवजी फोनमध्ये असते तसली थरथरणारी छोटी मोटर घातली, ती काकूंच्या उशीखाली राहील. पट्ट्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे कव्हर शिवले. काकूंनी पुन्हा लावून पाहायला होकार दिला, पण अट घातली, की अकराची पोरे यायची बंद झाली तर पट्ट्याही त्याच दिवशी काढून न्यायच्या.